मॅक्रोतली अट आणि तिच्यामागचं कारण

शाळेचा निकाल, सोसायटीची थकबाकी, दुकानाची महिनाअखेरची बिलं, पतसंस्थेचे हप्ते अशी कामं एक्सेलच्या एका बटणावर उरकणारी माणसं आता जवळपास प्रत्येक कार्यालयात सापडतात. त्यातली बहुतेक जण प्रोग्रामर नसतात. कोणी वर्गशिक्षक असतं, कोणी लेखनिक, कोणी सोसायटीचा मानद सचिव. मॅक्रो रेकॉर्ड करण्यापासून त्यांची सुरुवात होते आणि तिथवर सगळं सोपं असतं. रेकॉर्डर तुमच्या हालचाली टिपून घेतो: ही सेल निवडली, इथे रंग भरला, ही रांग पुसली. पण ‘गुण पस्तीसच्या वर असतील तर’ हे त्याला टिपता येत नाही. अट तुमच्या डोक्यात असते, हातात नसते. म्हणून ज्या दिवशी मॅक्रोला काही ठरवायचं असतं, त्या दिवशी कोड हातानेच लिहावा लागतो.

जोखीमही तिथूनच सुरू होते. रंग चुकीचा भरला तर डोळ्यांना दिसतो. अट चुकली तर मॅक्रो न अडखळता शेवटपर्यंत चालतो, तक्ता नीटनेटका भरतो आणि त्यात एखादं मूल नापास झालेलं असतं. म्हणून या लेखाचा आग्रह एकच आहे. अट लिहिण्याआधी नियम साध्या मराठीत लिहून काढा, तो नियम आणि त्यामागचं कारण कमेंट म्हणून मॅक्रोसोबतच ठेवा आणि अट अशी मांडा की कोणालाही ती नियमाशी ताडून पाहता येईल.

उदाहरणं एक्सेलच्या व्हीबीएमधली घेतली आहेत, कारण 1993 साली एक्सेल 5 बरोबर आलेली ही भाषा आजही सर्वांत जास्त कार्यालयांत वापरात आहे. कोडच्या ओळी वाचायला सोप्या जाव्यात म्हणून उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. एडिटरमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. एडिटर उघडायला आल्ट आणि एफ 11 दाबा. मॅक्रो असलेली फाईल एक्सएलएसएम या प्रकारातच सेव्ह करा, कारण नेहमीच्या एक्सएलएसएक्स फाईलमध्ये मॅक्रो टिकत नाहीत.

आधी नियम, मग कोड

समजा, 100 गुणांच्या एका विषयाचा तक्ता आहे आणि शेऱ्याचा रकाना मॅक्रोने भरायचा आहे. दहावीच्या निकालामुळे टप्पे सगळ्यांच्या ओळखीचे आहेत: 75 पासून विशेष प्रावीण्य, 60 पासून प्रथम श्रेणी, 45 पासून द्वितीय श्रेणी, 35 पासून उत्तीर्ण. हात लगेच कोडकडे वळतात. तसं न करता आधी कागद घ्या आणि प्रत्यक्ष गुणतक्त्यात काय काय सापडू शकतं ते लिहा.

1. गुणांच्या जागी सूत्राची एरर आली असेल, तर शेरा ‘तपासा’.
2. रकाना रिकामा असेल, तर ‘गुण भरणे बाकी’.
3. विद्यार्थी गैरहजर असेल, तर ‘गैरहजर’. त्याच्या बाबतीत गुणांचा प्रश्नच येत नाही.
4. आकड्याशिवाय दुसरं काही लिहिलेलं असेल, तर ‘तपासा’.
5. आकडा 0 पेक्षा कमी किंवा 100 पेक्षा जास्त असेल, तर ‘तपासा’.
6. आता उरले ते खरे गुण. त्यांना 75, 60, 45, 35 हे टप्पे लावा.
7. त्याखालचे अनुत्तीर्ण.

सात ओळींपैकी पाच गुणांच्या दर्जाबद्दल नाहीतच. समोर आलेली गोष्ट गुण आहे की नाही, एवढंच त्या ठरवतात. नवख्या माणसाच्या मॅक्रोत सहसा फक्त शेवटच्या दोन ओळी असतात. रिकामी सेल व्हीबीएला शून्यासारखी दिसते, त्यामुळे तपासनीसाने अजून गुणच न भरलेला विद्यार्थी अशा मॅक्रोत सरळ अनुत्तीर्ण होतो. शून्य मिळणं, गैरहजर असणं आणि गुण भरायचे राहणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेला हे माहीत असतं, मॅक्रोला सांगावं लागतं.

कमेंटमध्ये काय लिहायचं

व्हीबीएमध्ये ओळीच्या सुरुवातीला एकेरी अवतरणचिन्ह टाकलं की पुढचा मजकूर कमेंट होतो आणि एडिटरमध्ये हिरवा दिसतो. जुन्या पद्धतीचा ‘रेम’ हा शब्दही चालतो. कोडच्या ओळीनंतर त्याच ओळीवरही कमेंट लिहिता येते. एक खाच लक्षात ठेवा: कमेंटच्या शेवटी जागा सोडून अधोरेषा आली, तर व्हीबीए पुढची ओळही कमेंटच समजतो आणि ती कोडची ओळ चालतच नाही.

लिहायचं कसं हे पाच मिनिटांत येतं. काय लिहायचं यात खरं कौशल्य आहे. एक उदाहरण जवळून पाहू. तूप-लोणी विकणाऱ्या दुकानाच्या बिलाच्या मॅक्रोत अशी अट आहे:

' तारीख 22 सप्टेंबरच्या आधीची असेल तर दर 12
इफ बिलतारीख < डेटसीरियल(2025, 9, 22) देन
    दर = 12
एल्स
    दर = 5
एंड इफ

ही कमेंट काहीच सांगत नाही. ती खालच्या ओळीचाच पुनरुच्चार आहे. दोन वर्षांनी हे काम हाती घेणाऱ्या माणसाला वाटेल, आता सगळी बिलं नवीनच आहेत, ही जुनी अट कशाला ठेवायची, आणि तो ती काढून टाकेल. आता त्याच जागी हे वाचा:

' 22-9-2025 पासून तूप-लोण्यावरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला.
' त्याआधीचं बिल पुन्हा छापावं लागलं तर त्यावर जुनाच दर यायला हवा.
' म्हणून ही अट काढू नये.

या तीन ओळींत बदल कधीपासून झाला, कशामुळे झाला आणि अट का ठेवली हे सगळं आलं. कोड काय करतो ते कोड वाचून कळतं. तो तसं का करतो हे मात्र कोडमध्ये कुठेच नसतं. ते परिपत्रकात असतं, सर्वसाधारण सभेच्या ठरावात असतं, मुख्याध्यापकांनी बैठकीत सांगितलेलं असतं. ते कमेंटमध्ये उतरवलं नाही तर लिहिणाऱ्याची बदली झाली की हरवतं.

म्हणून प्रत्येक मॅक्रोच्या डोक्यावर पाच गोष्टी असाव्यात: हा मॅक्रो कशासाठी आहे, कोणत्या शीटवरून माहिती घेतो, कोणत्या रकान्यात लिहितो, चालवण्याआधी काय तयार असावं लागतं आणि शेवटचा बदल कोणी, कधी, कशासाठी केला. रेकॉर्ड केलेल्या मॅक्रोच्या वर एक्सेल स्वतःच दोन-तीन हिरव्या ओळी टाकून देतो. त्या तशाच न ठेवता त्या जागी ही माहिती भरावी.

मधल्या कोडमध्ये प्रत्येक ओळीवर कमेंट नको. नियमामागचा आधार, गृहीत धरलेली गोष्ट आणि मुद्दाम केलेली वेगळी रचना, या तीन ठिकाणी ती हवीच. बाकीचं काम नावांवर सोपवा. ‘एक्स’ नावाच्या व्हेरिएबलला कमेंट लागते, ‘थकीतमहिने’ या नावाला लागत नाही. अट लांबलचक झाली असेल तर तिचं उत्तर आधी एका नावात साठवा, म्हणजे ‘इफ सवलतीसपात्र देन’ असं वाचता येईल.

अट बदलली की कमेंट त्याच वेळी बदला. कमेंट एक सांगते आणि कोड दुसरंच करतो, अशी फाईल कमेंटच नसलेल्या फाईलपेक्षा घातक असते, कारण वाचणारा हिरव्या ओळीवर विश्वास ठेवतो. तात्पुरत्या बंद केलेल्या जुन्या ओळीही अशाच साचत जातात. एडिटरच्या एडिट टूलबारवर अनेक ओळी एकदम कमेंट करण्याचं बटण आहे. प्रयोगापुरतं ते जरूर वापरा, पण प्रयोग संपला की त्या ओळी काढून टाका. पासवर्ड कमेंटमध्ये कधीही लिहू नका.

देवनागरीची अडचण आणि तिच्यावरचा तोडगा

मराठी वापरकर्त्याला इथे एक अडचण हमखास येते. एक्सेलच्या शीटवर देवनागरी व्यवस्थित चालते, पण व्हीबीएचा एडिटर युनिकोडवर चालत नाही, विंडोजच्या जुन्या कोड पेजवर चालतो. तिथे मराठी मजकूर टाइप केला किंवा चिकटवला की बहुतेक संगणकांवर नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. फाईल तशीच सेव्ह झाली तर मूळ मजकूर परत मिळत नाही.

यावर तीन गोष्टी कराव्यात. पहिली, एडिटरमधल्या कमेंट रोमन अक्षरांतल्या मराठीत लिहाव्यात. इंग्रजी जमत असेल तर इंग्रजीत लिहा, पण मोडक्यातोडक्या इंग्रजीपेक्षा रोमन लिपीतली स्वच्छ मराठी कधीही बरी. दुसरी, त्याच फाईलमध्ये ‘नियम’ नावाची एक शीट ठेवावी. तिच्यात प्रत्येक नियम देवनागरीत, क्रमांकासह, आधार आणि तारखेसह लिहावा. कोडमधल्या कमेंटमध्ये फक्त ‘नियम 3 पाहा’ अशा अर्थाची ओळ पुरते. याचा मोठा फायदा असा की ज्यांना कोड कळत नाही ते मुख्याध्यापक, खजिनदार किंवा लेखापरीक्षकही ही शीट वाचून चूक दाखवू शकतात.

तिसरी गोष्ट अटींशी थेट जोडलेली आहे. ‘गैरहजर’ हा शब्द कोडमध्ये अवतरणात लिहून तुलना करायला गेलात, तर तिथेही प्रश्नचिन्हंच येतील आणि तुलना कधीच जुळणार नाही. तो शब्द ‘नियम’ शीटवरच्या एका सेलमध्ये ठेवा आणि मॅक्रोला तिथून वाचायला सांगा. 35, 75 हे टप्पे, व्याजाचा दर, विलंब आकाराची रक्कम हेही तिथेच ठेवा. ठराव बदलला की एका सेलमधला आकडा बदलायचा, कोडला हात लावायचा नाही. मॅक्रोने दाखवायचा मराठी संदेशही मेसेज बॉक्समध्ये न दाखवता शीटवरच्या एखाद्या सेलमध्ये लिहावा, कारण मेसेज बॉक्सलाही देवनागरी दाखवता येत नाही.

एकच शब्द दहा जण दहा प्रकारे लिहितात, हेही लक्षात घ्या. गुणांच्या रकान्याला डेटा व्हॅलिडेशन लावून ‘गैरहजर’ची एकच खूण ठरवून द्या. खूण रोमन अक्षरांत असेल, तर व्हीबीए मुळात लहान आणि मोठी अक्षरं वेगळी मानतो, हे ध्यानात ठेवून मॉड्यूलच्या सुरुवातीला ‘ऑप्शन कम्पेअर टेक्स्ट’ लिहा. शब्दाच्या मागेपुढे राहिलेली रिकामी जागा ‘ट्रिम’ने काढून मगच तुलना करा.

अटींची उतरंड

आता वरचे सात नियम कोडमध्ये उतरवू. क्रम कागदावरचाच ठेवू.

' नियम 1 ते 4 : हे गुणच आहेत का?
इफ इजएरर(मूल्य) देन
    शेरा = तपासा
एल्सइफ लेन(ट्रिम(मूल्य)) = 0 देन
    शेरा = बाकी
एल्सइफ ट्रिम(मूल्य) = गैरहजरखूण देन
    शेरा = गैरहजर
एल्सइफ नॉट इजन्यूमेरिक(मूल्य) देन
    शेरा = तपासा
एल्स
    गुण = सीडबल(मूल्य)
    शेरा = श्रेणीठरवा(गुण)
एंड इफ

इथे क्रमाला अर्थ आहे. एल्सइफच्या साखळीत पहिली खरी ठरलेली अट चालते आणि बाकीच्या पाहिल्याच जात नाहीत. एरर असलेल्या सेलवर ‘ट्रिम’ चालवलं तर मॅक्रो तिथेच थांबतो, म्हणून एररची तपासणी सर्वांत आधी. रिकाम्या सेलला ‘इजन्यूमेरिक’ विचारलं तर तो चक्क ‘हो, आकडा आहे’ असं उत्तर देतो, म्हणून रिकामेपणाची तपासणी त्याच्या आधी. हा क्रम का ठेवला ते कमेंटमध्ये लिहा, नाहीतर नीटनेटकेपणाच्या भरात कोणीतरी तो बदलेल.

एल्सइफ हा एकच शब्द आहे. मध्ये जागा सोडली तर व्हीबीए त्याला आतली नवी अट समजतो, तिच्यासाठी वेगळा ‘एंड इफ’ मागतो आणि मॅक्रो सुरूच होत नाही.

श्रेणी ठरवण्याचं काम मुद्दाम वेगळ्या फंक्शनमध्ये टाकलं आहे. एकाच मूल्याला अनेक टप्पे लावायचे असतील तर सिलेक्ट केस वाचायला सोपं जातं:

सिलेक्ट केस गुण
    केस इज < 0 : श्रेणीठरवा = तपासा
    केस इज > 100 : श्रेणीठरवा = तपासा
    केस इज >= 75 : श्रेणीठरवा = प्रावीण्य
    केस इज >= 60 : श्रेणीठरवा = प्रथम
    केस इज >= 45 : श्रेणीठरवा = द्वितीय
    केस इज >= 35 : श्रेणीठरवा = उत्तीर्ण
    केस एल्स : श्रेणीठरवा = अनुत्तीर्ण
एंड सिलेक्ट

इथे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थेट लिहिले आहेत. प्रत्यक्षात ते ‘नियम’ शीटवरून घ्यावेत. मोठ्या टप्प्याकडून लहानाकडे येणं आवश्यक आहे. 35 ची ओळ आधी आली तर 92 गुण मिळवणारी मुलगीही नुसती ‘उत्तीर्ण’ ठरेल.

‘इज’ हा शब्द विसरू नका. ‘केस गुण >= 75’ असं लिहिलं तरी व्हीबीए तक्रार करत नाही. तो आधी ‘गुण >= 75’ हे खरं की खोटं ते काढतो आणि ते उत्तर गुणांशी जुळतं का पाहतो. व्हीबीएत खोटं म्हणजे 0. म्हणजे 80 गुणांच्या विद्यार्थ्याला प्रावीण्य मिळत नाही आणि शून्य गुणांच्या विद्यार्थ्याला मिळतं.

बोलण्यातली अट आणि कोडमधली अट

‘इयत्ता नववी किंवा दहावी असेल तर’ हे आपण सहज बोलतो. तसंच कोडमध्ये उतरवलं तर ‘इफ इयत्ता = 9 ऑर 10 देन’ असं होतं. ही अट नेहमीच खरी ठरते, इयत्ता पाचवी असली तरीही. व्हीबीए ‘इयत्ता = 9’ हा एक भाग आणि नुसता ‘10’ हा दुसरा भाग मानतो, आणि शून्य नसलेला कोणताही आकडा त्याच्या लेखी खरा असतो. दोन्ही बाजू पूर्ण लिहायला हव्यात: ‘इयत्ता = 9 ऑर इयत्ता = 10’. सिलेक्ट केसमध्ये स्वल्पविराम द्या, ‘केस 9, 10’. तिथे ‘केस 9 ऑर 10’ लिहिलं, तर व्हीबीए दोन्ही आकड्यांचे द्विमान अंक एकत्र करून 11 बनवतो आणि मॅक्रो अकरावीची वाट पाहत बसतो.

अँड आणि ऑर एकाच अटीत आले की कंस करा. व्हीबीए आधी अँड सोडवतो, मग ऑर. ‘इयत्ता = 9 ऑर इयत्ता = 10 अँड गुण < 35’ याचा त्याने लावलेला अर्थ असा: नववीचे सगळे, आणि दहावीचे फक्त 35 च्या खालचे. तुम्हाला दोन्ही इयत्तांतले 35 च्या खालचे हवे असतील, तर इयत्तेचा भाग कंसात टाका. कंसाची गरज नाही असं वाटलं तरी टाका. पुढच्या वाचणाऱ्याला तुमचा हेतू त्यातून कळतो.

‘पर्यंत’, ‘आत’, ‘नंतर’, ‘वर’ हे शब्द नियमात आले की थांबून विचारा. दहा तारखेपर्यंत म्हणजे दहा तारीख धरून का? पस्तीसच्या वर म्हणजे पस्तीस पास की नापास? याचं उत्तर ज्याने नियम केला त्याच्याकडून घ्या आणि कमेंटमध्ये उदाहरणासह लिहा: ‘10 तारखेला भरलेल्याला विलंब आकार नाही, 11 ला आहे’. अशा एका ओळीने पुढचे कितीतरी वाद टळतात.

काठावरचे गुण

अटीच्या काठावर सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते. दोन चाचण्यांची सरासरी काढून ती पूर्णांकात आणायची आहे आणि एका विद्यार्थ्याची सरासरी 34.5 आली आहे असं समजा. शीटवर राउंडचं सूत्र लावलंत तर उत्तर 35 येतं, विद्यार्थी पास. तेच व्हीबीएच्या स्वतःच्या राउंडने केलंत तर 34 येतं, विद्यार्थी नापास.

यात बिघाड नाही. व्हीबीएचा राउंड बरोबर अर्धा आला की जवळच्या सम आकड्याकडे वळतो. त्यामुळे 34.5 चे 34 होतात, 35.5 चे 36 होतात आणि 36.5 चेही 36 च होतात. मोठ्या बेरजांमध्ये फरक एकाच बाजूला साचू नये म्हणून ही पद्धत वापरतात. शाळेत शिकवलेली पद्धत मात्र अर्ध्याला वर नेते, आणि पालकही तीच धरून चालतात. म्हणून मॅक्रोत वर्कशीटफंक्शनमधला राउंड वापरा आणि वर लिहा:

' शीटचाच राउंड वापरला आहे. व्हीबीएचा राउंड 34.5 चे 34 करतो.
' शाळेच्या पद्धतीने 35 व्हायला हवेत. बदलू नये.

ही कमेंट नसेल तर कोड लहान करण्याच्या हौसेने कोणीतरी साधा राउंड टाकेल, आणि ज्या मुलांना एकेका गुणाची गरज आहे नेमकं त्यांचंच नुकसान होईल.

तारखांनाही असाच काठ असतो. व्हीबीए कोडमध्ये दोन हॅशच्या मध्ये लिहिलेली तारीख आधी महिना, मग दिवस अशी वाचतो, संगणकाची मांडणी भारतीय असली तरी. आपण 4 मार्च म्हणून लिहिलेली 4/3/2025 ही तिथे 3 एप्रिल होते. मधल्या 31 मार्चने आर्थिक वर्षच बदलतं. म्हणून तारीख नेहमी डेटसीरियलने द्या: वर्ष, महिना, दिवस. त्यात गोंधळाला जागा नाही.

चूक लपवणाऱ्या ओळी

काही ओळी अटीतली चूक झाकून टाकतात. त्यांतली सर्वांत धोकादायक म्हणजे ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’. एरर आली तर पुढच्या ओळीवर जा, एवढंच ती सांगते. पण एरर इफच्या अटीतच आली तर पुढची ओळ कोणती? इफच्या आतली. म्हणजे अट तपासताच आली नाही तरी अट खरी असल्यासारखं आतलं काम होऊन जातं. आतल्या ओळीत रांग पुसण्याचा आदेश असेल तर ती रांग गेली. ही ओळ वापरावीच लागली तर एका आदेशापुरती वापरा, लगेच ‘ऑन एरर गोटू 0’ने बंद करा आणि का वापरली ते लिहा.

दुसरी गोष्ट, व्हीबीएमध्ये अँडच्या दोन्ही बाजू नेहमी तपासल्या जातात. हजेरी क्रमांक ‘फाइंड’ने शोधला आणि एकाच ओळीत ‘सापडला असेल अँड त्याचे गुण 35 पेक्षा कमी असतील’ असं विचारलं, तर क्रमांक न सापडल्यावरही व्हीबीए गुण बघायला जातो आणि एरर 91 देऊन थांबतो. अशा वेळी एक इफ बाहेर, दुसरा आत. आधी सापडला का, मग गुण किती.

तिसरी, प्रत्येक मॉड्यूलच्या पहिल्या ओळीवर ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ हवंच. ते नसेल आणि व्हेरिएबलच्या नावात एक अक्षर चुकलं, तर व्हीबीए गुपचूप त्या चुकीच्या नावाचं नवं, रिकामं व्हेरिएबल तयार करतो. रिकामं म्हणजे शून्य, आणि मग अख्खा वर्ग अनुत्तीर्ण. एडिटरच्या टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये ‘रिक्वायर व्हेरिएबल डिक्लरेशन’वर खूण केली की नव्या मॉड्यूलमध्ये ही ओळ आपोआप येते.

तपासल्याशिवाय वापरू नका

मॅक्रो चालल्यावर कंट्रोल झेडने मागे जाता येत नाही, कारण मॅक्रोने शीटवर बदल केले की आधीची अनडूची यादी पुसली जाते. म्हणून चाचणी नेहमी फाईलच्या प्रतीवर करा.

चाचणीसाठी एक छोटी शीट बनवा. एका रकान्यात मूल्यं, दुसऱ्यात अपेक्षित शेरा, आणि हा दुसरा रकाना मॅक्रो चालवण्याआधी स्वतःच्या हाताने भरा. मूल्यं काठावरची निवडा: 34, 34.5, 35, 44, 45, 59, 60, 74, 75, 100, 101, उणे 1, 0. त्यात एक पूर्ण रिकामी सेल, फक्त स्पेस असलेली एक, ‘गैरहजर’ची खूण, तीच खूण मागे जागा सोडून, एखादा भलताच शब्द आणि एक सूत्राची एरर घाला. मॅक्रोचा शेरा तिसऱ्या रकान्यात येऊ द्या आणि दोन्ही जुळवा. 34.5 च्या समोर काय लिहायचं असा प्रश्न पडला, तर नियमातच ते ठरलेलं नाही असं समजा आणि आधी ठरवून घ्या.

कुठे जुळलं नाही तर एफ 8 दाबत एकेक ओळ चालवा. पिवळी पट्टी कोणत्या अटीत शिरते आणि कोणती ओलांडून जाते ते डोळ्यांसमोर दिसतं. ही चाचणी-शीट काढून टाकू नका. फाईलमध्येच ठेवा आणि दर बदलानंतर पुन्हा चालवा.

गूगल शीट्स आणि लिबरऑफिस वापरणाऱ्यांसाठी

गूगल शीट्सच्या अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये आणि लिबरऑफिसच्या बेसिकमध्ये देवनागरी कमेंट बिनदिक्कत लिहिता येतात, तेव्हा तिथे जरूर मराठीतच लिहा. अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये दोन तिरक्या रेघांनी कमेंट सुरू होते, लिबरऑफिसमध्ये व्हीबीएप्रमाणेच एकेरी अवतरणाने किंवा रेमने. अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये एक काळजी घ्या. तिथे एकच बरोबरचं चिन्ह म्हणजे ‘ही किंमत भर’. तुलनेसाठी तीन बरोबर लिहावेत. रिकाम्या सेलचा सापळा तिथेही आहे. रिकामी सेल कोरा मजकूर म्हणून वाचली जाते आणि ‘35 पेक्षा कमी का?’ या प्रश्नाला ‘हो’ उत्तर मिळतं. भाषा बदलली तरी वरचे सात नियम आणि त्यांचा क्रम तोच राहतो.

सुरुवात कुठून करावी

जुने सगळे मॅक्रो एका दिवसात सुधारायला बसू नका. जो मॅक्रो पैशांचा किंवा कोणाच्या निकालाचा निवाडा करतो, तो आधी उघडा. त्यातल्या प्रत्येक इफपाशी थांबून तीन प्रश्न विचारा. हा नियम कोणी आणि केव्हा ठरवला? नेमक्या काठावरच्या मूल्याचं काय होतं? आणि अपेक्षेबाहेरचं काही आलं तर हा मॅक्रो ते कुठे टाकतो? पहिल्याचं उत्तर कमेंटमध्ये लिहा, दुसऱ्याचं चाचणी-शीटमध्ये आणि तिसऱ्याचं ‘एल्स’मध्ये.

पालक गुणपत्रक घेऊन येतात, सभासद थकबाकीची नोटीस घेऊन येतो आणि विचारतो, हा आकडा कसा आला? ‘संगणकाने काढला’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही, कारण संगणकाला तो नियम कोणीतरी माणसानेच सांगितलेला असतो. फाईल उघडून नियम, त्याचा आधार आणि त्यावरून लिहिलेली अट एकाखाली एक दाखवता आली, तर समोरच्या माणसाला खरं उत्तर मिळतं. चूक असेल तर तीही तिथल्या तिथे सापडते आणि दुरुस्त होते. माणसांबद्दल निर्णय घेणाऱ्या प्रत्येक मॅक्रोकडून एवढी अपेक्षा ठेवायलाच हवी, आणि ती पूर्ण करायला लागतात त्या चार हिरव्या ओळी लिहिण्याचा कंटाळा करू नये.